मोटरहोममधील फ्रीज : किंमत एक, खर्च दुसरा

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. अमेरिकेत अशा गाड्यांतील गॅसचा फ्रीज बिघडला की बरेच मालक त्या जागी घरगुती फ्रीज बसवतात. गॅसच्या फ्रीजला कॉम्प्रेसर नसतो. ज्योतीने अमोनियाचे द्रावण तापवून थंडावा निर्माण होतो. १९२२ साली प्लाटेन व मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी ही युक्ती शोधली. मात्र गाडी तिरकी उभी असली की तो नीट चालत नाही, आणि नवा घ्यायचा तर घरगुती फ्रीजपेक्षा बराच महाग पडतो.

तरीही आम्ही म्हणू, आधी विजेचा हिशेब करा. घरगुती फ्रीज दिवसाला साधारण १ ते १.५ युनिट वीज खातो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १.२ युनिट मावते, आणि शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे एका दिवसाला दोन-तीन बॅटऱ्या, शिवाय इन्व्हर्टर. वीजजोडणी असलेल्या तळावर राहणाऱ्याला हे परवडते. रानात आठवडा काढणाऱ्याने गॅसचाच ठेवावा.

बदलायचाच असेल तर जुनी गॅसनळी जाणकाराकडून बंद करून गळती तपासून घ्यावी. आणि नवा फ्रीज गाडीच्या दारातून आत जातो का, ते खरेदीपूर्वी मोजावे. काही वेळा खिडकी काढावी लागते!