केगमधला फेस आणि शेजारचा सिलिंडर

हिंजवडीतून कामानिमित्त अमेरिकेत किंवा जर्मनीत दोन-चार वर्षं राहून आलेली मंडळी परत येताना एखादा छंदही घेऊन येतात. त्यातला एक म्हणजे केग. १९ लिटरचं उभट स्टीलचं पिंप, शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि मधे रेग्युलेटर. तिकडे त्यात घरी बनवलेली बिअर असते. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती का असेना. त्यामुळे इथे केगमध्ये सोडा, आल्याचं पेय किंवा कोंबुचा भरतात. आत काय भरलंय याचं वायूला सोयरसुतक नसतं. त्याचे नियम तेच.

गेल्या उन्हाळ्यात वाकडला एका मित्राकडे गेलो होतो. त्याने कौतुकाने नळ सोडला आणि ग्लासात पाऊण भाग नुसता फेस आला. उरलेलं पेय चाखलं तर सपक. ‘प्रेशर कमी पडतंय रे,’ म्हणत त्याने रेग्युलेटरचा स्क्रू आणखी पिळला. नेमकी तिथेच गफलत होती. सकाळी तीन तास वीज नव्हती आणि फ्रिजमधला केग कोमट झाला होता.

द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो वायू द्रवात अधिक विरघळतो, हे विल्यम हेन्री या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८०३ मध्ये दाखवून दिलं. पण त्याला तापमानाची जोड आहे. थंड द्रव वायू धरून ठेवतो, गरम द्रव सोडून देतो. बिअरसारख्या पेयात साधारणपणे त्याच्या अडीचपट आकारमानाचा वायू विरघळलेला असतो. ४ अंश सेल्सिअसला तेवढ्यासाठी १२ पीएसआय दाब पुरतो. २५ अंशांना तेवढाच वायू आत राहायला सुमारे ३० पीएसआय लागतो. म्हणजे कोमट केगचा नळ सोडला की वायू पेयातून धावतच बाहेर पडणार. त्यावर दाब वाढवणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस मोठा करणं. केग थंड करायचा, वायूची नळी काढायची, झाकणावरची सेफ्टी व्हॉल्वची कडी ओढून जादा वायू सोडायचा, काही तास थांबायचं आणि गरज पडली तर पुन्हा तेच करायचं. घाई असणारे ३० पीएसआय लावून केग गदागदा हलवतात आणि मग दोन दिवस फेस उपसत बसतात. १२ वर लावून आठ-दहा दिवस विसरून जाणं हा सगळ्यात चांगला उपाय. आयटीवाल्यांना तो जमत नाही, हा भाग वेगळा.

गंमत म्हणजे १२ पीएसआय हा दाब आपल्या प्रेशर कुकरपेक्षाही कमी आहे. कुकरची शिट्टी साधारण १५ ला उचलली जाते. त्यामुळे केगची फारशी धास्ती नको. धास्ती हवी ती शेजारच्या सिलिंडरची. त्यात कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि २० अंशांना आतला दाब सुमारे ५७ बार, म्हणजे ८०० पीएसआयहून जास्त असतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरच्या कितीतरी पट. ३१ अंशांच्या वर तर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या गाडीत सिलिंडर ठेवला, तर सुरक्षेसाठी बसवलेली चकती फुटून तो सगळाच्या सगळा रिकामा होऊ शकतो.

मग काय होतं? एक किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे सुमारे ५४० लिटर वायू. पाच किलोचा सिलिंडर म्हणजे २,७०० लिटर. फ्लॅटमधली कपडे धुण्याची बंद जागा किंवा स्टोअररूम जेमतेम आठ हजार लिटर हवेची. म्हणजे तिथल्या हवेचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग हा वायू होईल. मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण ०.०४ टक्के असतं. ४ टक्के प्रमाण जिवाला धोक्याचं मानतात आणि १० टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. इथे नुसता ऑक्सिजन कमी पडत नाही, हा वायू स्वतःच घातक ठरतो. तो हवेच्या दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे रांगणारं मूल किंवा खाली गादीवर झोपलेला माणूस आधी सापडतो. एलपीजीला वास मिसळलेला असतो, याला वास नाही. डोकं दुखणं, धाप लागणं, छातीत धडधडणं ही त्याची लक्षणं. विहिरीत एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही दगावतात, अशा बातम्या आपण वाचतोच. इथेही श्वास रोखून आत धावायचं नाही. बाहेरूनच दारं-खिडक्या उघडायच्या आणि ११२ ला फोन करायचा.

सिलिंडर मिळवण्याची आपल्याकडची तऱ्हा आणखी काळजीची. भोसरी-चाकण पट्ट्यात वेल्डिंगसाठी हा वायू सहज मिळतो, पण तो पिण्याच्या पदार्थासाठी शुद्ध केलेला असेलच असं नाही. काही बहाद्दर आग विझवायचा जुना सिलिंडरच रेग्युलेटरला जोडतात. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, त्यामुळे वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर निकामी होऊ शकतो. साधा सिलिंडर आडवा ठेवला तरी तेच होतं. तो उभा आणि साखळीने बांधलेला हवा. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं. आत किती वायू उरलाय हे काटा सांगत नाही, कारण द्रव संपेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो. वजन करायचं.

आणि केग नको म्हणून काचेच्या बाटलीत आंबवणाऱ्यांसाठीही एक हिशोब. यीस्टने ४ ग्रॅम साखर संपवली की सुमारे एक लिटर वायू तयार होतो. लिटरमागे ५० ग्रॅम साखर घालून बुच घट्ट लावलेली बाटली ओट्यावर राहिली, तर सगळी साखर संपायच्या कितीतरी आधीच ती फुटेल, आणि काचा डोळ्याच्या उंचीवर उडतील.

मित्राने केग पुन्हा गार केला आणि दाब १२ वर आणला. तिसऱ्या दिवशी नळातून नीट पेय आलं. सिलिंडर मात्र अजून स्टोअररूममध्येच होता. तो आम्ही दोघांनी उचलून बाल्कनीच्या सावलीत नेऊन बांधला.