अधूनमधून थांबणारे एंजिन

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनमय जिल्हे आहेत. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी अशा मोठमोठ्या नद्या या प्रदेशातून किंवा त्याच्या सीमेवरून वाहतात. भामरागड येथे पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या इंद्रावतीस मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की तेथील रस्ता पाण्याखाली जातो आणि पलीकडील गावांचा संबंध तुटतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातील अनेक गावांना पाण्याने वेढले. अडकलेल्या माणसांना नावांतून बाहेर काढावे लागले.

या नद्यांवर पूर्वीपासून डोंगे चालत आले आहेत. परंतु पुराच्या ओढीपुढे वल्ह्यांचे बळ अपुरे पडते. म्हणून अशा वेळी एंजिनाची नाव वापरतात. हे एंजिन भर प्रवाहात बंद पडले तर? मग नाव नावाड्याच्या हाती राहत नाही, ती प्रवाहाच्या हाती जाते. म्हणून नावाड्याला एंजिन चालवता येणे पुरेसे नाही. ते का थांबते, हेही त्याला समजले पाहिजे.

एंजिन कायमचे बंद पडले, तर दोष शोधणे त्या मानाने सोपे असते. अधूनमधून थांबणारे एंजिन मात्र मोठे फसवे. तपासायला जावे, तर ते सुरळीत चालू लागते! हिवतापाचेही असेच असते. ताप उतरल्यावर रोगी बरा दिसतो. म्हणून वैद्य विचारतो, "थंडी केव्हा वाजली? ताप किती वेळाने पुन्हा आला?" आणि मग तो रक्त तपासतो. एंजिनालाही हेच प्रश्न विचारावे लागतात.

पुराच्या दिवसांतील एका सकाळची कल्पना करा. नदीकाठी एक तरुण नावाडी घामाघूम होऊन बसला आहे. त्याचे एंजिन दहा मिनिटे चालते आणि आचके देऊन थांबते. थोडा वेळ गेला, की पुन्हा चालू होते व पुन्हा थांबते. तेवढ्यात एक म्हातारा नावाडी तेथे येतो.

"काका, प्लग नवा घातला, तारा बदलल्या, तेलही बदलले, तरी एंजिन थांबतेच," तरुण म्हणतो.

"एकदम इतके बदललेस, तर दोष कशात होता हे तुला कळणार कसे? मला एवढेच सांग, ते केव्हा थांबते?"

"दर वेळी दहाएक मिनिटांनी."

"आणि नळीवरचा रबरी फुगा?"

तरुणाने पाहिले. टाकीतून एंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीवरचा तो फुगा चपटा झाला होता. म्हाताऱ्याने टाकीचे झाकण हळूच सैल केले. 'हुस्स' असा आवाज करीत हवा आत शिरली, फुगा पुन्हा गोल झाला आणि एंजिन चालू झाले ते थांबलेच नाही.

हा चमत्कार नव्हे. तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडले, तर तेल अडखळत पडते. दुसरे भोक पाडताच धार अखंड वाहू लागते, कारण बाहेर पडलेल्या तेलाची जागा घेण्यास हवेला वाट मिळते. पेट्रोलच्या टाकीचेही तसेच आहे. तिच्या झाकणावर हवेसाठी एक छिद्र असते. आदल्या दिवशी टाकी गाडीतून आणताना पेट्रोल सांडू नये, म्हणून त्या तरुणाने ते बंद केले होते आणि उघडण्यास तो विसरला होता. एंजिन पेट्रोल ओढी, तसा टाकीतील हवेचा दाब कमी होत जाई. शेवटी पेट्रोल पुढे येईना. एंजिन थांबल्यावर सांध्यांतून हळूहळू थोडी हवा आत शिरे, आणि म्हणून ते पुन्हा चालू होई.

एंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि ठिणगी. ते केव्हा थांबते हे नीट पाहिले, तर यांपैकी काय अडले याचा माग लागतो. ठरावीक वेळाने थांबत असेल, तर टाकीचे छिद्र पाहावे. नाव हेलकावे खाताना थांबत असेल, तर एखादी तार सैल असेल किंवा टाकीच्या तळाशी पाणी साचले असेल. पेट्रोल पाण्याहून हलके असते. त्यामुळे पाणी खाली राहते आणि नाव हलली की नळीत शिरते. एंजिन तापल्यावर थांबत असेल, तर ते थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर पडणारी बारीक धार पाहावी. ती मंदावली असेल, तर पुरातील पालापाचोळ्याने वा गाळाने पाण्याची वाट अडली आहे असे समजावे. अशा वेळी एंजिन बंद करूनच ती साफ करावी. मात्र पेट्रोलची वाफ चटकन पेट घेते. म्हणून ही सर्व कामे जाणत्या माणसांनी, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावयाची असतात.

आणखी एक नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग एंजिन चालवून पाहावे.

त्या सकाळी तरुण नावाड्याने विचारले, "काका, निघताना मी दोन मिनिटे एंजिन चालवून पाहिले होते. तेव्हा ते का थांबले नाही?"

म्हातारा म्हणाला, "दहा मिनिटांनी दिसणारा दोष दोन मिनिटांत कसा दिसेल? नाव काठाला बांधून एंजिन वीस मिनिटे चालव. मगच माणसे चढव. आणि वल्ही व नांगर नावेत असल्याशिवाय दोर सोडू नकोस."

तरुणाने नाव पुन्हा काठाला बांधली. वीस मिनिटे एंजिन एकसारखे चालले. मग पलीकडच्या गावात वाट पाहणाऱ्या माणसांना आणण्यासाठी त्याने दोर सोडला.