घरच्या घरी विमान : अवजारात काटकसर, मापात नाही

अमेरिकेत घरी विमान बांधण्यास कायद्याने मुभा आहे. निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेली असेल, तर तपासणीनंतर ते विमान 'प्रायोगिक' वर्गात उडवता येते. ऑरेगॉन राज्यातील 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' कंपनी अशा विमानांच्या सुट्या भागांचे संच विकते. या संचांतून आजवर ११,००० हून अधिक विमाने तयार होऊन उडाली आहेत.

काम मुख्यतः पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आणि हजारो रिव्हेटांचे असते. अवजारांचा खर्च मोठा, म्हणून बांधणारे पुष्कळशी अवजारे घरीच करतात. रिव्हेटमागे धरायचा लोखंडी ठोकळा भंगारातून मिळतो. मात्र त्याचा दर्शनी भाग घासून आरशासारखा करावा लागतो. पत्र्याची कड वाकवायला दोन फळ्या आणि बिजागऱ्या पुरतात. फळीची कड गोल करून घेतात, कारण धारदार कोपऱ्यावर वाकवलेला पत्रा तडकतो. भोकाच्या कडेची कुसळे मोठे ड्रिल बिट बोटांनी फिरवून निघतात. लोखंडाला वापरलेली कानस मात्र ॲल्युमिनियमला लावत नाहीत. लोखंडाचे कण रुतून तिथे गंज धरतो.

काटकसर इथपर्यंत ठीक. धरणारे, टेकवणारे, ठोकणारे अवजार घरचे चालते. जिथे मापाचा प्रश्न येतो तिथे चालत नाही. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतरावर हवा. ठोकलेले डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच हवे. रिव्हेटचे डोके पत्र्यात बसावे म्हणून भोकाभोवती १०० अंशांची खोलगट वाटी दाबतात. तिचे साचे सहसा विकतच घेतात.

भोकाचे महत्त्व खुद्द या कंपनीलाही महागात पडले. मागणी वाढल्यावर काही भागांची भोके ठोकून पाडण्याऐवजी लेसरने कापून घेण्यात आली. वाटी दाबताना त्यांतील काही भोकांच्या कडेला चिरा दिसू लागल्या. ग्राहकांचा विश्वास ढळला, हजारो भाग बदलून देण्याची वेळ आली. इतर तोट्यांत ही भर पडली आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागितले. दर वाढवून २०२४ मध्ये ती त्यातून सावरली.

आपल्याकडे पत्रेकाम, फॅब्रिकेशन करणारे अनेक बांधव भंगारातून उत्तम अवजारे घडवतात. ही कला कमी लेखण्याचे कारण नाही. आमचे सांगणे एवढेच, की वाचवलेला पैसा हातोड्यातला असावा, मापातला नसावा. विमानात त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. धंद्यात ती गिऱ्हाइकाच्या विश्वासाने मोजावी लागते.