कोकणातले झरे गरम, मग वीज का नाही?
वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ... कोकणात गरम झऱ्यांची रांगच आहे. पण तिथे जिवंत ज्वालामुखी नाही. खोल जावं तसं तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खाली मुरतं, तापतं आणि वर येतं, इतकंच. वाफेवर टर्बाइन फिरवायचं तर फार खोल न जाता दीडशे-दोनशे अंश उष्णता लागते. शिवाय पाणी खेळवणारा भेगाळ खडक आणि ते कोंडून ठेवणारा वरचा घट्ट थर. नुसता तापलेला खडक कोरडा असेल तर काय उपयोग? आइसलँडमध्ये भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, शिलारस वर येतो, म्हणून तिथे हे जुळतं. आपल्याकडे खरी आशा लडाखच्या पुगा खोऱ्याची. हिमालय घडवणाऱ्या टकरीच्या पट्ट्यातच ते आहे.