आमच्याकडे सगळं ओपन आहे!

‘पारदर्शकता’ हा शब्द आपल्याला जाम आवडतो. पण काचेच्या घरात नेमकं कुणाला बसवायचं, हे कधी ठरवलंय का आपण?

९ मार्च २०२०. होळी. पुरणपोळी खाऊन सुस्तावलेल्या त्या संध्याकाळी बातमी आली : दुबईची ट्रिप करून परतलेलं पुण्यातलं एक जोडपं कोरोना पॉझिटिव्ह. महाराष्ट्रातले पहिले पेशंट! आणि मग, म्हणजे अजून धुळवडीचे रंगही निघाले नव्हते तोवर, माझ्या मोबाइलवर त्यांची नावं आणि फोटो येऊन पडले.

मी काय केलं असेल? खोटं कशाला बोलू, पाच ग्रुप्सवर फॉरवर्ड केलं. ऑफिसचा, कॉलेजचा, मामेभावंडांचा, ट्रेकिंगचा आणि अर्थातच सोसायटीचा. वर लिहिलं, ‘टेक केअर, सगळ्यांना कळवा’. मला वाटलं, मी समाजसेवा करतेय. लोकांना माहिती मिळायलाच हवी ना?

त्या दोघांनी काय गुन्हा केला होता? फिरायला गेले, आले, बरं वाटेना म्हणून टेस्ट केली. नायडू हॉस्पिटलात उपचार घेऊन २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, ठणठणीत बरे होऊन घरी गेले. पण त्याआधीच्या दोन आठवड्यांत सगळ्या महाराष्ट्राला ते नावानिशी ठाऊक झाले होते. त्याच सुमारास, बाधितांपैकी एका कुटुंबाला गावात वाळीत टाकलं जातंय, हे तेव्हाचे विभागीय आयुक्त दीपक म्हैसेकर यांना जाहीरपणे सांगावं लागलं. वाळीत टाकणं! हा शब्द मी आजीच्या गोष्टींत ऐकला होता. महाराष्ट्रानं त्याविरुद्ध २०१६ मध्ये कायदासुद्धा केलाय. आणि आता तेच काम फोर-जीच्या स्पीडनं चाललं होतं.

मग आले शिक्के. मार्चच्या मध्यावर सरकारनं होम क्वारंटाइनवाल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईचा शिक्का मारायला सुरुवात केली. हेतू चांगलाच होता हो. पण दोनच दिवसांत पालघरला गरीब रथमधून चार प्रवाशांना उतरवलं गेलं; हातावरचा शिक्का सहप्रवाशांना दिसला म्हणून. तुम्ही म्हणाल, बरोबरच केलं, त्यांनी घरी बसायला हवं होतं. मान्य. पण तो सीन बघितल्यावर पुढचा माणूस काय करेल? फुल शर्ट घालेल!

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. दक्षिण कोरियात तर पेशंट कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या हॉटेलात होता, हे सरकारच मोबाइलवर कळवायचं. लोकांनी त्यावरून कुणाचं कुणाशी लफडं आहे याचे तर्क लढवले. शेवटी तिथल्या मानवाधिकार आयोगाला सांगावं लागलं की, बाबांनो, हे अती होतंय. तारीख कुठली? ९ मार्च २०२०. इकडे आपण नुकती सुरुवात करत होतो.

‘पित्त झालंय गं’

आता आमच्या सोसायटीची गोष्ट सांगते. अठ्ठेचाळीस फ्लॅट्स, एक ग्रुप. जुलैमध्ये सी विंगमधला एक मुलगा पॉझिटिव्ह निघाला. दहा मिनिटांत ग्रुपवर नाव, फ्लॅट नंबर, कुठे नोकरी, कोणाकोणाला भेटला, सगळं आलं. ‘आपल्याकडे सगळं ओपन आहे,’ असं सेक्रेटरींनी अभिमानानं लिहिलं. त्याखाली अंगठेच अंगठे. एक माझाही.

मग त्यांचं दूध बंद झालं. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना वॉचमननं गेटवरच अडवलं, आणि त्या बिचाऱ्यांची आमच्या विंगमधली बाकीची तीन कामंही गेली. पेपर टाकणाऱ्या पोरानं मजलाच सोडून दिला. चौदा दिवस संपल्यावरसुद्धा त्या मुलाची आई लिफ्टमध्ये शिरली की आतले लोक बाहेर यायचे. काकूंनी नंतर लिफ्टच सोडली. चौथा मजला, दोन्ही गुडघे दुखत असताना.

हे सगळं आमच्या खालच्या मजल्यावरचे काका रोज बघत होते. रिटायर्ड बँकवाले, एकदम शिस्तीत, सकाळी सहाला फिरायला जाणारे. मुलगा बेंगळुरूला. गणपतीत, गौरी गेल्यानंतर, काकांचा आवाज जरा खोल वाटला म्हणून मी दारातून विचारलं, “काका, बरं नाहीये का?” तर म्हणाले, “पित्त झालंय गं. कोकम घेतलंय.” काकू मागे उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

ताप होता. तेव्हा चौथा दिवस होता. पाचव्या दिवशी, विसर्जनाच्या रात्री, काकूंनी आमची बेल वाजवली. ऑक्सिजन ब्याऐंशी! मी आणि दादा रात्री साडेनऊपासून फोनला चिकटलो. कुठे बेड आहे, कुठे ऑक्सिजन आहे, धड कुणालाच सांगता येत नव्हतं. अडीच वाजता चिंचवडला एक बेड मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, टीव्ही पत्रकार पांडुरंग रायकर गेले. ते पुण्याच्या जम्बो कोविड सेंटरमध्ये होते. दुसरीकडे हलवायला कार्डिअॅक अॅम्ब्युलन्स वेळेत मिळाली नाही, असं त्यांचे घरचे आणि सहकारी सांगत होते. पेशाच माहिती काढण्याचा, आणि तरी!

म्हणजे बघा ना. सी विंगमधल्या मुलाला कितव्या दिवशी खोकला आला, हे आम्हा अठ्ठेचाळीस घरांना तोंडपाठ होतं. आणि बेड कुठे रिकामा आहे, हे शहराला माहीत नव्हतं.

काका तेवीस दिवसांनी घरी आले. वाचले, पण फुप्फुसं गेली ती गेलीच. आजही जिना चढताना दोनदा थांबतात. मी काकूंना एकदा विचारलं, “पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?” त्या सहज म्हणाल्या, “नाव आलं असतं ना गं ग्रुपवर.”

जुनीच खोड

पुण्यानं हे आधी एकदा बघितलंय. १८९७ ची प्लेगची साथ. रँडसाहेबाचे सोल्जर घराघरांत घुसून पेशंट शोधायचे, माजघरापर्यंत, देवघरापर्यंत. परिणाम? लोक आजारी माणसं लपवायला लागले. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या तो गणेशखिंडीचा रस्ता. आज आपण तिथे सिग्नलला गाणी ऐकत बसतो. आणि गंमत म्हणजे, त्याच वर्षी इंग्रजांनी केलेला साथरोग कायदा २०२० मध्ये आपल्या सरकारनं पुन्हा बाहेर काढला. फरक इतकाच, या वेळी घरात घुसायला सोल्जर लागले नाहीत. आम्हीच पुरलो.

पेशंटच्या दारावर पोस्टर लावायचे नाहीत, सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असेल तरच, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलं ते ९ डिसेंबर २०२० ला. तोवर पहिली लाट ओसरत आली होती.

आता कुणी म्हणेल, मग काय, सगळं झाकून ठेवायचं? छे! माहिती उघडी करायच्या बाबतीत तर पुण्याची कॉलर ताठच आहे. माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला, आणि त्याच दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यातल्याच एका पोलिस ठाण्यात शाहिद रझा बर्नी यांनी दिला. पुणे महापालिकेनं २००९ मध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच फायली लोकांना बघायला खुल्या केल्या. पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारनं ती कल्पना उचलली. फायली म्हणजे टेंडर, बिलं, परवानग्या. आपल्या पैशाचा हिशेब. तिथे काच हवीच.

पण तिथली काच पुसायची किंमत विचारा. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी. एक्स्प्रेस-वेच्या आजूबाजूचे जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. विचारणाऱ्याचं नाव-पत्ता अर्जावर असतो. ज्याच्याबद्दल विचारलं त्याला तो सापडायला वेळ लागत नाही. आणि आता, नोव्हेंबर २०२५ मध्ये, डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं ‘वैयक्तिक माहिती’चं कलम असं बदललंय की, अधिकाऱ्याबद्दल काही विचारलं तर ‘ही वैयक्तिक बाब आहे’ म्हणणं आणखी सोपं झालंय. व्यापक जनहित दाखवलं तर अजूनही मिळू शकतं म्हणे. बघू.

काकांच्या पोटी प्रायव्हसी नव्हती. साहेबांच्या वाट्याला आली.

मी ते मार्चमधलं फॉरवर्ड अजून डिलीट केलेलं नाही. मामेभावंडांच्या ग्रुपवर शोधलं की सापडतं. त्या जोडप्याला मी ओळखत नाही, कधी भेटणारही नाही. काकांना मात्र रोज भेटते. त्यांनी त्या जुलैतल्या मेसेजखालचे अंगठे कुणाकुणाचे होते ते पाहिलं असणार. बँकेतला माणूस, सह्या बघायची सवय.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर नवीन यादी आली. मेंटेनन्स थकवणाऱ्यांची. नाव, फ्लॅट नंबर, रक्कम, लाल अक्षरांत. सी विंगवाले दुसऱ्या नंबरवर. मुलाची नोकरी जानेवारीत गेलीय. या वेळी मी अंगठा दिला नाही. सेक्रेटरींना पर्सनल मेसेज केला : काका, बिल्डिंगच्या रंगकामाचं कोटेशन आणि फायनल बिल ग्रुपवर टाकाल का प्लीज?

तासाभरानं उत्तर आलं : ‘ते असं ओपनली टाकता येत नाही. रविवारी ऑफिसमध्ये येऊन भेटा.’