दोघांचं रॉक्सेट

'डोन्ट बोअर अस, गेट टू द कोरस!' हा रॉक्सेट या स्वीडिश जोडीच्या गाजलेल्या गाण्यांचा अल्बम 1995 च्या ऑक्टोबरात आला. 2025 मध्ये त्याला तीस वर्षं झाली आणि त्याच वर्षी जोडीतला पेर गेस्ले गायिका लेना फिलिपसनला सोबत घेऊन रॉक्सेटच्या नावाने दौऱ्यावर निघाला. जोडीतली गायिका मारी फ्रेड्रिक्सन हिची जागा कुणी घेत नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं. तरी पाटीवर नाव तेच. ते मनाला लागलं.

रॉक्सेटची सुरुवातीची वर्षं स्वीडनपुरतीच होती, त्यात फारसं रेंगाळायला नको. 'लुक शार्प!' हा त्यांचा अल्बम अमेरिकेतल्या कंपनीने नाकारला होता. स्वीडनला शिकायला गेलेल्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने तो मिनियापोलिसला नेला, तिथल्या रेडिओवर वाजवायला लावला आणि 1989 मध्ये 'द लुक' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 'लिसन टू युअर हार्ट' त्याच वर्षी त्याच जागी पोचलं, तेही सात इंची तबकडी तिथे विक्रीला न येता. कॅसेटचं युग आलं होतं.

आमच्याकडे ते युग नव्वदच्या दशकात भरात होतं. 1991 मध्ये स्टार टीव्हीवरून एमटीव्ही आलं, गच्च्यांवर डिश दिसू लागल्या आणि शेजारून ओढलेल्या केबलवर आम्ही रॉक्सेटचं 'जॉयराइड' पाहिलं. कुणाकडे तरी असलेल्या एका कॅसेटवरून दहा घरांत कॅसेटी भरल्या जायच्या, गाण्यांची नावं बॉलपेनने लिहिलेली. मोठी माणसं त्याला गोंगाट म्हणत. पाश्चात्त्य संगीतातले जाणकार म्हणवणारे त्याहून कठोर होते. आकर्षक चाल, आत पोकळ, हा त्यांचा निकाल.

तो निकाल तेव्हाही चूक होता, आजही चूक आहे. 'लिसन टू युअर हार्ट'च्या कडव्यांत मारी आवाज आवरून धरते, ध्रुवपदाला मोकळा सोडते. शेवटी पट्टी वर चढते तेव्हा ती ओरडत नाही, दुःखाचा तोल सांभाळते. 'इट मस्ट हॅव बीन लव्ह' 1987 मध्ये नाताळचं गाणं म्हणून स्वीडनमध्ये निघालं होतं. 'प्रिटी वुमन' चित्रपटासाठी त्यातला नाताळ काढला, पण विरह तिच्या गळ्यात होता, तो तसाच राहिला. चाली गेस्लेच्या, यात शंका नाही. त्या काळजाला भिडल्या मारीमुळे.

'डोन्ट बोअर अस'मध्ये जुन्या गाण्यांना चार नव्यांची जोड होती. 'जून आफ्टरनून' गेस्ले गातो, 'यू डोन्ट अंडरस्टँड मी' मारी. दोघं मिळून काय होती, ते ही दोन गाणी लागोपाठ ऐकली की कळतं. स्ट्रीमिंगच्या याद्यांत कुठलंही गाणं कुठेही येतं, तिथे हे ऐकणं हरवलं आहे.

नंतरचे अल्बम मी ऐकले, मनात राहिले नाहीत. 2002 मध्ये मारीच्या मेंदूत गाठ निघाली. सावरून ती पुन्हा जगभर गायली, अखेरच्या मैफलींत खुर्चीवर बसून. 2016 मध्ये डॉक्टरांनी दौरे थांबवायला सांगितले. 9 डिसेंबर 2019 ला ती गेली.

गेस्लेने ही गाणी जरूर गावीत, ती त्याचीच आहेत. फिलिपसनशीही माझं भांडण नाही. पण 2022 मध्ये त्याने 'पीजी रॉक्सेट' या नावाने अल्बम काढला होता, आपली आद्याक्षरं पुढे लावून. तेच नाव त्याने या दौऱ्यालाही द्यायला हवं होतं.