मुलगी सांगते तेव्हा

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव. पावसाळ्याच्या सुमारास हंगाम सुरू झाला की परगावचे व्यापारी येतात, वजनकाटे उशिरापर्यंत चालतात आणि चौविहार पाळणाऱ्या घरांतून दुकानावर दिवस मावळण्याआधी डबा पोहोचवावा लागतो. अशा दिवसांत वयात येणाऱ्या मुलीचे सारे जग आईच्याच हाती येते: तिच्या मैत्रिणी, तिचा मोबाइल, शिकवणीहून परतण्याची वेळ, कोणाच्या वाढदिवसाला जायचे आणि कोणाच्या नाही.

शहराच्या गर्दीत मुलगी चारचौघींसारखी मिसळून जाते. बाजाराच्या गावात तसे घडत नाही. एस.टी.च्या थांब्यावर ती वर्गातील मुलाशी दोन शब्द बोलली, तर ती घरी पोहोचण्याआधी बातमी दुकानात पोहोचते. व्यापाऱ्याची पत लोकांच्या विश्वासावर उभी असते. त्यामुळे ‘लोक काय म्हणतील’ ही भीती अगदीच पोकळ नसते, हे मान्य करायला हवे. परंतु या भीतीपोटी चौकशीआधीच शिक्षा होते. मोबाइल काढून घेतला जातो, शिकवणी बंद होते आणि कधी 12वीच्या निकालाआधीच स्थळांची चर्चा सुरू होते. (तिच्या भावाला मात्र तो रात्री कोठे होता, हे क्वचितच विचारले जाते.) मुलगी यातून एकच धडा घेते: घरी सांगितले की शिक्षण जाते.

धमकावणाऱ्याचे भांडवल हेच असते. छायाचित्र मागणारा आणि मग ते पसरवण्याचा धाक घालणारा मुलगा एका गोष्टीबाबत निश्चिंत असतो, ती म्हणजे मुलगी घरी बोलणार नाही. पहिल्या दिवशी आईच्या कानावर आले असते तर जे लवकर थांबले असते, ते मौनामुळे महिनोन्महिने चिघळत राहते.

वास्तविक, चूक ऐकून कशी घ्यावी याचा जैन परंपरेइतका बारकाईने विचार फार थोड्या ठिकाणी झाला असेल. स्थानांगसूत्राच्या आठव्या स्थानात, आलोचना ऐकण्यास पात्र असलेल्याचे आठ गुण सांगितले आहेत. त्यांत एक आहे समोरच्याची लाज दूर करून त्याला मोकळे बोलते करणे. दुसरा अपरिस्रावी असणे, म्हणजे ऐकलेले कोणापुढेही पाझरू न देणे. हा दुसरा गुण दिगंबर परंपरेतील भगवती आराधनेतही आहे. हे गुण साधुजीवनाच्या संदर्भात सांगितलेले आहेत. पण स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता मुलीचे ऐकणाऱ्या आईला त्यांची गरज कमी नाही. मुलीने विश्वासाने सांगितलेले गुपित जाऊबाईंकडे, तेथून मामीकडे आणि तेथून नात्यातल्या सगळ्यांकडे गेले, तर ती दुसऱ्यांदा आईकडे येणार नाही.

मुलींना बोलते करण्याचे काम समाजात संघटितपणेही झाले आहे. शांतिलाल मुथ्था यांनी 1985 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेच्या ‘स्मार्ट गर्ल’ कार्यशाळांत आत्मभान, मासिक पाळी, मैत्री आणि मोह, निवड आणि निर्णय हे विषय किशोरींसमोर मांडले जातात. त्यात पालकांनाही सहभागी करून घेतले जाते, ही त्यातील विशेष जमेची बाजू. मुलगी शिकून आली आणि घर तेथेच राहिले, तर उपयोग कितीसा?

प्रकरण गंभीर असेल तर समोरच्याचे संदेश पुसू नयेत. तोच पुरावा असतो. 18 वर्षांखालील मुलींसाठी 1098 ही मोफत मदतवाहिनी आहे, आणि 2012 चा पोक्सो कायदा पीडित मुलीची ओळख उघड करण्यास मनाई करतो. तक्रार केली की गावभर नाव होईल, या धास्तीने गप्प बसणाऱ्या घरांना ही तरतूद बहुधा ठाऊकच नसते.

राहिला प्रश्न वडिलांचा. “मम्मी, पप्पांना सांगू नकोस,” असे मुलगी म्हणते तेव्हा आईने आंधळे वचन देऊ नये. “सांगावे लागलेच तर आधी तुला विचारीन, आणि तुझ्या बाजूने बोलेन. तुझी शाळा मात्र यापायी बंद होणार नाही,” एवढे ती म्हणू शकते. आणि ते बोलणे गल्ल्यावर, गिऱ्हाइकांसमोर नव्हे; काटा बंद झाल्यावर, घरी.